गाणी लावण्याऐवजी व्यायामाच्या हालचालीतूनच सूर काढायचे आहेत : सेन्सर, स्वर आणि आवाजाला होणारा उशीर

त्रिमूर्ती_व्यायाम :

नमस्कार मंडळी. त्रिमूर्तीनगरातल्या (नागपूर) एका व्यायाम केंद्रासाठी सल्ला हवा आहे. येणारे बहुतेक ५५ ते ७५ वयाचे. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला बीपीची गोळी चालू आहे. सध्या कोपऱ्यातल्या स्पीकरवर गाणी लागलेली असतात. पहिली पाच मिनिटं बरी जातात, मग गाणं एकीकडे आणि पाय एकीकडे.

त्याऐवजी हालचालीतूनच संगीत निघावं असं करायचं आहे. पायडल मारलं की ठेका वाजेल, पाय थांबले की ठेका थांबेल. तीन ठिकाणी बसवायचंय : एक स्थिर सायकल, खुर्चीवरून उठ-बस, आणि बार खाली ओढायची वजनांची पुली. बजेट तिन्ही मिळून पाच हजार. सोल्डरिंग येतं, ईएसपी ३२ (प्रोग्रॅम चढवता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) वर साधे प्रोग्रॅम चढवता येतात.

विचारायचं ते असं. कुठल्या साधनाला कुठला सेन्सर? हालचाल आणि आवाज यांत किती उशीर चालतो? कुठले स्वर घ्यावेत म्हणजे तासभर कानाला त्रास होणार नाही? उन्हाळ्यात दोन मोठे कूलर चालू असतात, त्या घरघरीत हे ऐकू येईल का? आणि मुख्य म्हणजे, याने व्यायामात खरंच फरक पडतो का?

बर्डीचा_सोल्डरवाला :

सायकलपासून सुरुवात करा, तीच सगळ्यात सोपी.

सायकलच्या मीटरकडे दोन तारांची एक वायर जाते, टोकाला बहुतेक ३.५ मिमीचा जॅक असतो. आत रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच) आणि पुलीवर एक चुंबक. तीच वायर वापरून टाकावी असं वाटेल, पण तिच्यातून एका फेऱ्याला एकच पल्स येते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे सेकंदाला एक पल्स. माणूस थांबला हे कळायलाच सेकंदाच्या वर जाणार, आणि तोवर ठेका वाजत राहणार. पाय थांबल्यावरही वाजणारा ठेका आपला आहे असं कुणालाच वाटत नाही.

म्हणून कव्हर उघडा आणि पायडलच्या मोठ्या पुलीवर ८ निओडिमियम चुंबकं (८ मिमी व्यास, ३ मिमी जाडी) सारख्या अंतरावर इपॉक्सीने चिकटवा. फिरणाऱ्या जड चाकावर नको, ते पायडलच्या एका फेऱ्यात अनेकदा फिरतं. समोर ए३१४४ हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारी छोटी चिप), अंतर ३ ते ५ मिमी. हा सेन्सर चुंबकाच्या एकाच ध्रुवाला दाद देतो. आठातलं एखादं उलटं चिकटलं तर तेवढी पल्स गळते आणि ठेका लंगडतो. चिकटवण्याआधी प्रत्येक चुंबक सेन्सरसमोर धरून पाहा आणि वरच्या बाजूला मार्करने टिंब काढा.

ए३१४४ ला किमान साडेचार व्होल्ट लागतात, म्हणून त्याला ५ व्होल्ट द्या. आउटपुट मात्र ओपन कलेक्टर आहे, म्हणजे ते स्वतः व्होल्टेज देत नाही, तेव्हा १० किलोओहमचा पुल-अप (आउटपुट वर ओढून धरणारा रेझिस्टर) ५ ला न जोडता ३.३ व्होल्टला जोडा. ५ ला जोडलात तर ईएसपीची पिन जाऊ शकते.

आवाजासाठी मॅक्स ९८३५७ए हा आय-टू-एस (डिजिटल आवाज थेट घेणारा) ॲम्प्लिफायर आणि ४ ओहम, ३ वॉटचा स्पीकर. ईएसपी ३२ च्या आतला डॅक (आकड्यांचा आवाज करणारा भाग) फक्त ८ बिटचा आहे, हळू आवाजात खरखर ऐकू येते. सूर २२,०५० हर्ट्झ, १६ बिट, मोनो असे ठेवा. दीड सेकंदाचे सहा सूर म्हणजे साधारण ४०० केबी. हे रॅममध्ये मावत नाही, प्रोग्रॅमसोबत फ्लॅशमध्येच (बोर्डाच्या कायमच्या मेमरीत) ठेवायचं.

ब्लूटूथ स्पीकर अजिबात नको. साध्या ब्लूटूथला १५० ते २५० मिलिसेकंद सहज लागतात. पाऊल, पायडल अशा ठोक्यांच्या हालचालीत एकूण उशीर ३० मिलिसेकंदाच्या आत हवा. आय-टू-एसचे बफर (वाजण्याआधी आवाज साठवायच्या जागा) ६४ सॅम्पलचे चार ठेवले तर २२,०५० हर्ट्झला ११.६ मिलिसेकंद होतात, सेन्सरचे जास्तीत जास्त १० धरा. जमतं. उठ-बस संथ असते, तिथे ८०-१०० पर्यंतही चालून जातं.

पुलीसाठी व्हीएल५३एल०एक्स हा लेझर अंतरमापक. वरच्या फ्रेमवर खाली तोंड करून लावा आणि वजनांच्या सगळ्यात वरच्या पाटीपर्यंतचं अंतर मोजा. पाटी काळी असते, काळ्यावरून परावर्तन कमी येतं आणि आकडे नाचतात. तिच्यावर पांढऱ्या कागदी टेपचा ५ सेंमीचा चौकोन लावा. हा ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशावर चालतो, त्यामुळे खिडकीतून थेट ऊन पाटीवर पडत असेल तर दुपारी वाचन बिघडतं. पडदा किंवा पुठ्ठ्याचा आडोसा करा. एका मोजणीला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात, ओढण्याच्या वेगाला पुरेसे आहेत.

उठ-बसेसाठी एमपीयू ६०५० (फिरणं मोजणारा जायरो आणि कल मोजणारा ॲक्सेलरोमीटर असलेला सेन्सर), मांडीवर, गुडघ्याच्या वर चार बोटं, रुंद इलॅस्टिक आणि व्हेल्क्रोने. कमरेला लावू नका. पुढे वाकलं की कमरेचा कोन बदलतो आणि माणूस उठलाच नाही तरी सूर वाजतो. मांडी मात्र बसल्यावर आडवी आणि उभं राहिल्यावर उभी, शून्य ते नव्वद अंश, सरळ हिशेब. नुसत्या जायरोवर कोन काढला तर तो मिनिटा-दोन मिनिटांत सरकतो, नुसत्या ॲक्सेलरोमीटरवर काढला तर धक्क्याने उडतो. सेकंदाला १०० वेळा मोजून, जायरोचा ०.९८ आणि ॲक्सेलरोमीटरचा ०.०२ वाटा मिसळणारा कॉम्प्लिमेंटरी फिल्टर लावा. अंगावरून वायर ओढू नका : आय-टू-सी (सेन्सर आणि बोर्ड यांचा वायरीवरचा संवाद) मीटरभर वायरीतच अडखळायला लागतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या पायात वायर हा सरळ धोका आहे. मांडीवर दुसरा ईएसपी, त्याला छोटी लिथियम बॅटरी, आणि दोघांत ईएसपी-नाऊ (दोन ईएसपींमधला बिनतारी संदेश). त्याला काही मिलिसेकंदच लागतात.

पाच हजारांत तिन्ही होईल. चार ईएसपी, तीन ॲम्प्लिफायर, तीन स्पीकर, सेन्सर, बॅटरी, ॲडॉप्टर धरून थोडे उरतीलही. ईएसपी घेताना बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) दुकानातच यूएसबी लावून पोर्ट दिसतो का ते पाहून घ्या.

काळी_एक :

सोल्डरवाला दादांनी पाया घातलाय, मी सुरांपुरतं लिहितो.

कोनाला थेट आवाजाची उंची जोडून ‘ऊऽऽऽ’ असा सरकता स्वर काढण्याचा प्रयोग बहुतेक जण आधी करतात. तो करू नका. पाचव्या उठ-बसेला भोंगा वाटायला लागतो. सुटे, छेडलेले स्वर घ्या : संतूर, सतार, स्वरमंडळ, ज्यांचा नाद आपोआप विरतो. अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे दोन स्वर नसलेला पाच स्वरांचा समूह घ्या, म्हणजे कुठलेही दोन एकावर एक वाजले तरी टोचत नाहीत. भूप रागाचे स्वर सगळ्यात सुरक्षित : सा रे ग प ध. मंद्रातला सा छोट्या स्पीकरवर ऐकूच येणार नाही, म्हणून मध्य सप्तकातली काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) हा सा धरा. हर्ट्झमध्ये सा २७७, रे ३१२, ग ३४६.५, प ४१६, ध ४६२, तार सा ५५४. हे आकडे शुद्ध गुणोत्तरांनी काढलेले आहेत (९/८, ५/४, ३/२, ५/३). मागे तानपुरा ठेवणार असाल तर पियानोच्या ट्यूनिंगचे स्वर त्याच्याशी भांडतात, गंधार तर फारच.

आता उठ-बस. मांडीचा कोन १५ अंशांवर सा, मग २९, ४३, ५७ आणि ७१ वर रे ग प ध, आणि ८५ वर तार सा. सारं मर्म त्या शेवटच्या सा मध्ये आहे. सा रे ग प ध पर्यंत येऊन थांबलं की आपल्या कानाला ते अर्धवट वाटतं, तो सा हवाच असतो. गुडघा पूर्ण सरळ केल्याशिवाय तो देऊ नका, आणि देताना घसघशीत द्या : तीन सेकंद घुमणारा, खाली सा-प ची साथ असलेला. ‘अजून थोडं सरळ उभे राहा’ हे मग प्रशिक्षकाला ओरडून सांगावं लागत नाही, धैवत सांगतो.

बसतानाही तेच, उलट क्रमाने : सां ध प ग रे सा. धप्पकन बसणाऱ्याचे स्वर एकावर एक आदळतात, सावकाश बसणाऱ्याचा अवरोह मोकळा ऐकू येतो. दोन-तीन सेकंदांचा अवरोह हे लक्ष्य ठेवा.

सायकलला ठेका द्या. एका फेऱ्यात दोन मात्रा, उजव्या पायाला एक, डाव्याला एक. ६० फेऱ्यांना मिनिटाला १२० मात्रा होतात, चालती लय. आठ चुंबकं आहेत म्हणजे दर चौथ्या पल्सला एक बोल. केरवा तालाच्या आठ मात्रा चार फेऱ्यांत संपतात. पण केरव्यात सम (तालाचा मुख्य, भरीव ठोका) पहिल्या मात्रेला आणि खाली (तालातली हलकी जागा) पाचव्या मात्रेला, म्हणजे दोन्ही एकाच पायावर पडतात. दादरा तालात सहा मात्रा : सम पहिलीला, खाली चौथीला, म्हणजे एक उजव्यावर आणि एक डाव्यावर. कुणी एका पायाला जपून पायडल मारत असेल तर दादरा जास्त समतोल बसतो. त्यासाठी सम कुठल्या पायावर पाडायची हे ठरवणारं नववं चुंबक आणि दुसरा सेन्सर लागेल. थोडं काम वाढतं, पण हे कराच.

दर दोन आठवड्यांनी स्वर बदला. दुर्गा (सा रे म प ध) हाही याच पद्धतीने बसतो. याला राग म्हणू नये, रागाची ठरलेली चाल (चलन) यात नसते, स्वरसमूह म्हणा.

चाल_सुधार :

फिजिओथेरपीच्या बाजूने.

फरक पडतो का, याचं उत्तर हो. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या थॉमस फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी व्यायामाची यंत्रं अशीच संगीताला जोडली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. यंत्र ओढून स्वतः संगीत घडवणाऱ्यांना, नुसतं संगीत ऐकत तोच व्यायाम करणाऱ्यांपेक्षा, श्रम कमी जाणवले. प्राणवायूचा वापरही कमी आढळला. ‘हे मी वाजवतोय’ ही जाणीव निर्णायक ठरली. या पद्धतीला त्यांनी ‘जिमिन’ नाव दिलं.

पण याच कारणाने सावध राहायला हवं. श्रम कमी जाणवतात म्हणजे माणूस मर्यादेपलीकडे जाण्याची शक्यता वाढते, आणि तुमच्याकडे बीपीवाले आहेत. बीटा ब्लॉकरच्या (नाडी मंदावणाऱ्या बीपीच्या) गोळीवर असलेल्याचा नाडीचा आकडा फारसा वाढत नाही, तो पाहून अंदाज बांधू नका. बोर्ग पट्टी (श्रम किती जाणवतात ते ६ ते २० आकड्यांत सांगायची) भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, १२-१३ च्या वर जाऊ देऊ नका. आणि बोलण्याची कसोटी : पूर्ण वाक्य एका दमात बोलता यायला हवं. यंत्रातही मर्यादा घाला. ७० फेऱ्यांच्या वर संगीत आणखी भरदार होऊ नये, उलट ७५ नंतर वरचे थर (ठेक्यावर चढवलेली इतर वाद्यं) हलकेच गळून फक्त ठेका उरावा. जास्त पळण्याचं बक्षीस मिळता कामा नये.

छातीत दुखलं, चक्कर आली, तर व्यायाम तिथेच थांबवायचा. सूर पूर्ण करायला कुणी थांबणार नाही, हे पहिल्या दिवशी प्रत्येकाला तोंडी सांगा.

काळी_एक यांची शेवटच्या सा ची कल्पना उत्तम आहे, एक दुरुस्ती हवी. ८५ अंश सगळ्यांना जमणार नाही. संधिवाताच्या गुडघ्यात पूर्ण सरळ होणं अनेकदा नसतं. प्रत्येकाच्या पहिल्या तीन उठ-बसांचं सर्वांत मोठं माप घ्या, त्याच्या ९५ टक्क्यांवर तार सा ठेवा आणि बाकीचे स्वर त्या प्रमाणात आत घ्या. दर पंधरा दिवसांनी माप पुन्हा. ज्याला तो सा कधीच मिळत नाही, तो आठवड्याभरात यायचं बंद करतो.

खुर्ची ४३ सेंमी उंच, बिनचाकाची, पाठ भिंतीला टेकवलेली. तीस सेकंदांत किती उठ-बस होतात ही चाचणी याच उंचीवर घेतात, म्हणजे प्रगतीही मोजता येईल. उठताना श्वास सोडायचा. दम धरून उठलं की बीपी एकदम चढतो. आरोहाचा वेळ दीड-दोन सेकंद ठेवलात तर ‘सा ते सा श्वास सोडा’ असं सांगता येतं आणि लोकांना ते लगेच जमतं.

चुकलं की कर्कश बझर, हा प्रकार कृपया टाळा. वयस्क माणूस चारचौघांत बझर वाजला की ओशाळतो. चूक झाली तर आवाज विरळ होऊ द्या, बस्स.

अंबाझरी_फेरी :

चालण्यासाठी असं काही करता येईल का? तलावाकाठच्या फेरीला?

चाल_सुधार :

येईल, पद्धत वेगळी. आधी त्या माणसाची नेहमीची पावलं मिनिटाला किती ते मोजा, त्याच लयीचा ठेका द्या, आणि जमल्यावर ५ ते १० टक्क्यांनी वाढवा. पार्किन्सनच्या रुग्णांच्या चालीसाठी मायकल थॉट यांनी १९९० च्या दशकात ठेक्यावर चालण्याचं जे प्रशिक्षण मांडलं, त्यातही रुग्णाच्या स्वतःच्या लयीपासूनच सुरुवात होते. रस्त्याला लागून चालत असाल तर इअरफोन एकाच कानात.

त्रिमूर्ती_व्यायाम :

मनापासून आभार. सायकल आणि उठ-बस उभी झाली आहे, पुली बाकी. चार गोष्टी अडल्यात :

पाय थांबवले तरी ठेका चालूच राहतो, कधी पाच-सहा सेकंद. ५५ फेऱ्यांवर सतारीचा थर सुरू व्हायला लावलाय, पण त्या आसपास तो सारखा चालू-बंद होतो. जोरात सूर वाजला की बोर्ड कधीकधी स्वतःच रीसेट होतो. आणि उठ-बसेत धैवताजवळ थांबलं तर तो एकच सूर तीन-चारदा वाजतो.

शिवाय पहाटे साडेपाचची बॅच आहे, शेजारी घरं आहेत.

बर्डीचा_सोल्डरवाला :

पहिलं : वेग फक्त पल्स आली तेव्हाच काढला जातोय. पल्स येणं बंद झालं की शेवटचा आकडा तसाच राहतो. मुख्य लूपमध्ये दर वेळी ‘शेवटची पल्स किती वेळापूर्वी’ हे तपासा. ६०० मिलिसेकंद उलटले की वेग शून्य. आठ चुंबकांना ६०० मिलिसेकंद म्हणजे मिनिटाला साडेबारा फेरे, त्याखाली कुणी व्यायाम करत नाही. ठेका पल्सवरच वाजवलात, वेगावरून टायमर लावून नव्हे, तर हा त्रास मुळातच येत नाही. वेग फक्त थर ठरवायला वापरा.

थांबल्यावर अधूनमधून एखादा बोल वाजत असेल तर चुंबक बरोबर सेन्सरच्या कडेवर थांबलंय आणि पाटा थरथरतोय. एका पल्सनंतर २० मिलिसेकंद दुसरी मोजू नका. १०० फेऱ्यांनाही दोन पल्समध्ये ७५ मिलिसेकंद असतात, खरी पल्स गळणार नाही.

दुसरं आणि चौथं दुखणं एकच आहे. चालू व्हायची आणि बंद व्हायची रेघ एकच ठेवली की असं होतं. सतार ५५ ला चालू, ५० ला बंद. वेग एका पूर्ण फेऱ्याच्या आठ पल्सची सरासरी काढून घ्या, कारण हाताने चिकटवलेली चुंबकं थोडी पुढे-मागे असतातच. थर अर्ध्या सेकंदात हळू वर आणा. उठ-बसेत धैवत ७१ अंशांवर वाजला की कोन ६७ च्या खाली गेल्याशिवाय तोच पुन्हा वाजू नये. सूर सुरू-बंद होताना ‘टक्’ ऐकू येत असेल तर दोन्ही टोकांना ५ ते १० मिलिसेकंदांचा उतार द्या.

रीसेट : ॲम्प्लिफायर ठोक्याला एकदम करंट खेचतो, व्होल्टेज पडतं आणि ईएसपीचा ब्राउनआउट (व्होल्टेज घटलं की बोर्ड रीसेट करणारी सोय) लागतो. ॲम्प्लिफायरच्या अगदी जवळ ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा, ५ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॉप्टर घ्या, आणि यूएसबी वायर जाड व आखूड. मोबाइलची पातळ वायर हे अनेकदा खरं कारण असतं.

मांडीवरचं युनिट उन्हात ठेवलेल्या गाडीत विसरू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडी लिथियम बॅटरीसाठी जागाच नाही. आणि कूलरच्या तोंडासमोर उघडा बोर्ड नको. ओल्या हवेने वर्षभरात पिना हिरव्या पडतात. प्लास्टिकची डबी आणि सोल्डरिंगवर पीसीबी लॅकर (बोर्डाला लावायचं संरक्षक वॉर्निश).

काळी_एक :

कूलरबद्दल. त्याची घरघर मुख्यतः खालच्या भागात असते, म्हणून मंद्र सप्तक आणि बायाँची (तबल्याच्या डाव्या डग्ग्याची) घुमार तिच्यात बुडते. ठेक्यात बायाँवर भिस्त ठेवू नका. चाट (तबल्याच्या कडेवरचे) आणि टिपेचे बोल पुढे आणा. पण फार वरही जाऊ नका, वयासोबत २,००० हर्ट्झच्या वरचं ऐकू येणं कमी होतं. मूळ स्वर २५० ते १,००० च्या पट्ट्यात असले की दोन्ही बाजूंनी सुटका होते. फोनवरच्या ॲपने कूलर चालू असताना आवाज मोजा आणि सूर त्याहून साधारण १० डेसिबल वर ठेवा. मोठा आवाज लागतोय असं वाटलं तर आधी स्पीकर जवळ आणा. खोलीभर एक स्पीकर नको, प्रत्येकाच्या कानापासून मीटरभरावर त्याचा स्वतःचा.

पहाटेचं : ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रच धरतात आणि निवासी भागात तेव्हा मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. साडेपाचच्या बॅचला ठेका बंद, फक्त उठ-बसेचे स्वर, कमी आवाजात आणि खिडक्या लावून. सहानंतर सायकल सुरू करा.

तिन्ही साधनं एकत्र वाजायला लागतील तेव्हा प्रत्येकाला वेगळा नाद द्या : सायकलला तबला, उठ-बसेला संतूर, पुलीला बासरी किंवा सारंगी. सा मात्र तिघांचा एकच. दोघांना संतूर दिलं तर कुणाचा सूर कुठला हे कुणालाच कळत नाही आणि सगळी मेहनत पुन्हा कोपऱ्यातल्या गाण्यासारखी होते. पुली एकदम तिघांत जोडू नका. आठवडाभर एकटी वाजू द्या, ओढणाऱ्याला बासरी आपली वाटायला लागली की मग तबल्यासोबत घ्या.